मंत्रिमहोदय, माझी मुलगी अटारीच्या पलीकडे आहे

माननीय मंत्रिमहोदय,
भारत सरकार, नवी दिल्ली

सादर नमस्कार.

मी रत्नागिरी जिल्ह्यातली कोकणी मुसलमान, जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिकलेली. आमच्या भावकीतली काही घरं फाळणीपासून कराचीत आहेत, त्यातल्याच एका घरात माझं लग्न झालं. पासपोर्ट माझा अजून भारताचाच, साडेचार वर्षांच्या मुलीचा पाकिस्तानचा. मार्चमध्ये अब्बांच्या ऑपरेशनसाठी दोघी आलो.

22 एप्रिलला पहलगामला 26 माणसं मारली. त्या रात्री आमच्या घरात कुणी जेवलं नाही. हे मला मुद्दाम सांगावं लागतं, त्याचाही त्रास होतो. दुसऱ्या दिवशी अटारीची सीमा बंद केल्याचं जाहीर झालं, पण वैध कागद असलेल्यांना 1 मेपर्यंत परत जाता येईल असंही त्यात होतं. त्या एका ओळीच्या भरवशावर मी लेकीला घेऊन अमृतसर गाठलं.

अटारीच्या चौकीवर साहेबांनी लेकीचा हिरवा पासपोर्ट पुढे सरकवला, माझा निळा मला परत दिला. "बच्ची जाएगी, आप नहीं." तिचा व्हिसा 27 तारखेपासून रद्द म्हणून तिला राहता येईना, मी भारतीय म्हणून मला जाता येईना. शेवटी कराचीला निघालेल्या एका अनोळखी बाईच्या हातात तिचा हात दिला. लेकीच्या डाव्या सँडलचा पट्टा सुटला होता. लावायला वाकले तर वर्दीवाला म्हणाला, मागे व्हा. चाळीस दिवस झाले, तो पट्टा डोळ्यांसमोरून हलत नाही.

माझ्या अर्जावर तुमच्या कार्यालयातले लोक "पंधरा दिवसांत कळवतो" म्हणाले होते. आता फोनही उचलत नाहीत.

लोक विचारतात, पोरीला भारतीय का नाही केलंस? परदेशात जन्मलेल्या लेकराला आईकडून नागरिकत्व मिळण्याची सोय कायद्यात 1992 साली आली, तोवर फक्त बापाकडून मिळायचं. पण त्यासाठी वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत जन्माची नोंद हवी. कराचीतली आपली वकिलात 1994 पासून बंद. ओल्या बाळंतिणीने चौदाशे किलोमीटरवर इस्लामाबादला जायचं होतं का? आणि पाकिस्तानचं सरकार तरी कुठे मला आपलं म्हणतंय? तिथे मी हिंदुस्थानी, इथे कराचीवाली. दोन्ही देशांनी संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार मान्य केलाय. आई-लेकरांच्या भेटीचे अर्ज माणुसकीने आणि लवकर निकाली काढा, असं त्यात लिहिलंय. कुणी वाचलंय का?

मे महिन्यात अटारीचं संध्याकाळचं झेंडा उतरवायचं संचलन पुन्हा सुरू झालं. गेट उघडत नाहीत, पण प्रेक्षकांना आत सोडतात. संध्याकाळी टाळ्या वाजवायला माणसं चालतात, मग एक आई का नाही चालत? मुलगी रोज फोनवर विचारते, "अम्मी, दरवाजा उघडला?"

मला एकदा पलीकडे जाऊ द्या, नाहीतर तिला इथे यायचा व्हिसा द्या. टपालाने पाठवलेल्या प्रतीला दोन्ही पासपोर्टच्या झेरॉक्स जोडल्या आहेत, चौथ्यांदा.

रत्नागिरी, 5 जून 2025