लेबल छापायला टाकायच्या आधी

बाळा,

तुझ्या झाडांच्या रंगात रंगवलेल्या स्टोलच्या नव्या लेबलचा फोटो बघितला, डिझाइन मस्तच झालंय, पण 'शंभर टक्के नैसर्गिक, इको-फ्रेंडली, झिरो वेस्ट' असं तिन्ही एका दमात लिहिलंयस ना, तिथे मी अडकले. फोनवर बोलायला गेले तर म्हणशील आई लगेच चुका काढते, म्हणून लिहूनच पाठवतेय, सावकाश वाच. माझं म्हणणं एवढंच की कोणी समोर येऊन 'कसं काय?' विचारलं तर जेवढं दाखवता येईल तेवढंच लिहायचं.

आधी ते नैसर्गिकचं बघू. रंग झाडाचा आहे म्हणजे निरुपद्रवी आहे असं नसतं गं. मंजिष्ठेची मुळी झाडाचीच, कबूल, पण ती सुती कापडावर नुसती धरत नाही, आधी हिरड्याचं पाणी द्यावं लागतं, मग तुरटी, मग कुठे लाल उठतो. तुरटीचं ठीक आहे, कापडाच्या वजनाच्या १० ते २० टक्के लागते आणि एक लॉट झाला की ते पाणी ओतून द्यायची गरजच नाही, थोडी तुरटी वाढवली की त्यातच पुढचा लॉट निघतो. हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, मात्र चिमटीनेच. जास्त पडलं की काळा झकास येतो, पण लोखंडामुळे सूत कमजोर होत जातं आणि कापड घडीवर विरतं, मग कसलं टिकाऊ? आणि मोरचूद (तांब्याचा क्षार), डायक्रोमेट (क्रोमियमचा क्षार) यांना रंग धरवायला हातच लावू नकोस. जुन्या रेसिपींमध्ये सर्रास असतात, शेडही अशा येतात की मोह होतो, पण मोरचूदाचं पाणी ओढ्यानाल्यात गेलं की मासे मरतात, आणि डायक्रोमेटमधल्या क्रोमियमने कॅन्सर होतो. वरचा रंग झाडाचा, खाली हे विष, आणि लेबलवर 'नैसर्गिक', बरं दिसतं का ते?

निळीत तर अजूनच घोळ. बीएएसएफ या जर्मन कंपनीने कारखान्यातली नीळ १८९७ मध्ये बाजारात आणली, तिच्यातलं रंगद्रव्य आणि झाडाच्या निळीतलं रंगद्रव्य एकच. फरक पडतो तो तू पिंप कसं लावतेस त्याने. नीळ पाण्यात विरघळत नाही, तिला आधी रिड्यूस करावं लागतं, म्हणजे रासायनिक क्रियेने विरघळेल अशी करावी लागते. बहुतेक जण त्यासाठी हायड्रो, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, टाकतात, काम झटपट होतं, पण उरलेलं पाणी सल्फेट वगैरे घेऊन गटारात जातं. त्यापेक्षा एक भाग नीळ, दोन भाग चुना, तीन भाग फ्रुक्टोज असं लाव, वेळ घेतं, पण नीट सांभाळलं तर महिनोनमहिने चालतं. पिंप तयार झालं की कळतंच, वर तांबूस जांभळी चकाकी येते, ती बाजूला सारली की खाली पिवळसर हिरवं पाणी, आणि कापड बाहेर काढलं की हिरवंगार असतं आणि हवेत धरल्या धरल्या कडेपासून निळं व्हायला लागतं. मला अजून ते बघायला आवडतं, असो.

आणि केमिकल रंग म्हटलं की तू नाक मुरडतेस, तेही थोडं कमी कर. रिॲक्टिव्ह रंगाला, म्हणजे सुताशी रासायनिक बंध करणाऱ्या रंगाला, मीठ भरपूर लागतं, सगळा रंग कापडावर बसतही नाही, उरलेला धुण्यात जातो, हे खरंय. पण बसतो तो पक्का बसतो. हळदीचा पिवळा उन्हात उडतो, मग तो स्टोल गिऱ्हाईक कपाटाच्या तळाशी टाकणार आणि दुसरा घेणार, हे काय पर्यावरणाला बरं आहे? हळद वापरायचीच असेल तर रंग फिका होत जाईल हे आधीच सांगून विक.

कापड ऑर्गॅनिक आहे म्हणायचं तर डीलर तोंडाने सांगतो तेवढंच तुझ्याकडे आहे. त्याच्याकडून त्या लॉटचं ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेट, म्हणजे तो माल प्रमाणित ऑर्गॅनिक असल्याचा कागद, माग, देत नसेल तर तो शब्द वापरू नकोस. सर्टिफिकेट मिळालं तरी जीओटीएसचा (ऑर्गॅनिक कापडाच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा) लोगो आपल्याला लावता येत नाही, कारण रंगाई शिलाई धरून अख्खी साखळी सर्टिफाइड लागते आणि आपली रंगाई सर्टिफाइड नाहीये.

झिरो वेस्टबद्दल काय बोलू, तुझ्या कटिंग टेबलाखालचं पोतं मी बघितलंय. कपडे कापताना १० ते १५ टक्के कापड वाया जातं म्हणतात, तुझं त्यापेक्षा कमीच असेल कारण स्टोल चौकोनी आहेत, पण ते जॅकेट काढलंस तिथे गळा आणि बाही कापताना तुकडे पडतातच. महिन्याच्या शेवटी चिंध्यांचं वजन कर, त्यातून पाऊच किती निघाले ते लिहून ठेव, सहा महिन्यांनी आकडा छाप. लोकांना आकडा आवडतो. तोवर 'मंजिष्ठा, हिरडा, तुरटी, हाताने छापलेलं, गार पाण्यात धुवा, सावलीत वाळवा' एवढं पुरे, यातला प्रत्येक शब्द खरा आहे आणि शेवटच्या दोन सूचना पाळल्या तर कापड जास्त टिकेल.

आता खरं सांगू, मला जास्त काळजी तुझ्या हिशोबाची आहे. कापड धरतेस, रंग धरतेस, कुरिअर धरतेस, स्वतःचे तास धरतच नाहीस, आणि झालरीच्या गाठी मारणाऱ्या मावशींना पीसवर पैसे देतेस, त्यात सोडून परत गाठी मारायला लागतात तो वेळ कुठे आहे? एकदा घड्याळ लावून त्यांच्याशेजारी बस आणि मग रेट ठरव. किंमत वाढेल, काही गिऱ्हाइकं जातील, जाऊ देत. पर्यावरण वाचवलं आणि मावशी पुढच्या वर्षी काम सोडून गेल्या तर धंदा कोणाच्या हातावर चालवणार आहेस?

ती मोठी ऑर्डर आलीये म्हणालीस, त्यांना तारीख देण्याआधी हिरडा, तुरटी, रंग आणि मधलं प्रत्येक वाळवणं मोजून बघ, घाईत न वाळवता पुढच्या पिंपात टाकलं की डाग पडतात आणि अख्खा लॉट परत रंगवावा लागतो, म्हणजे पाणी डबल. मावशींना आधी विचार, त्यांना जमतंय म्हणाल्या तरच हो म्हण.

तुझी,
आई