साध्या कागदावर

पुणे, रविवार दुपार

प्रिय बंड्या,

फोनच केला असता, पण तिसऱ्या वाक्याला तू "मी काय म्हणतो" करून सुरू होतोस. या वेळी मला शेवटपर्यंत बोलायचंय. म्हणून हे पत्र, तेही क्लासच्या पेपरांच्या कोऱ्या पाठीवर. मागचं मोलचं गणित दिसलं तर सोडवत बसू नकोस. तिचं नाव मुद्दामच घालत नाहीये. तुमच्याकडे आलेलं पार्सल आधी कोण फोडतं ते मला ठाऊक आहे.

मागे तू म्हणालास, "सोड ना लेका, अजून लग्न थोडंच झालंय." मी फोन ठेवून दिला. तुझा राग नव्हता आला. तेच वाक्य आदल्या रात्री मी स्वतःशी म्हणून बघितलं होतं, आणि माझ्या तोंडून ते इतकं सहज निघालं नव्हतं.

तुला कधी सांगितलं नाही अशी एक गोष्ट सांगतो. गेल्या वर्षीचा फेब्रुवारी मला आवडला होता. तोपर्यंत ती क्लासला बायो शिकवणारी, डबा खाताना खिडकीबाहेर बघत बसणारी मुलगी होती. अचानक बोलायला लागली. काय बोलायची रे! एका वाक्यातून दुसरं, त्यातून तिसरं, आणि तिन्ही शेवटी कुठेतरी जोडायची. एकदा पहाटे तीनला फोन: "खाली उभी आहे, स्कूटर चालूये, चल सिंहगड." आतकरवाडीवरून टॉर्चच्या उजेडात चढलो. मी प्रत्येक वळणावर धापा टाकत बसत होतो आणि ही परत खाली येऊन मला ओढत होती. वर उजाडताना, पिठलं-भाकरीच्या टपऱ्या लागायच्या आधी, तिनंच मला विचारलं. मी 'हो' म्हणेपर्यंत तिनं स्वतःचंही 'हो' म्हणून टाकलं होतं. बंड्या, मला वाटलं प्रेमात माणूस असाच होतो. झोप नाही, भूक नाही. आपल्याकडची निम्मी गाणी तरी दुसरं काय सांगतात?

मग एक दिवस माझ्या खोलीवर बावीस इरकली साड्या आल्या. धंदा काढायचा म्हणून. पगार सोळा हजार आणि साड्या एकसष्ट हजारांच्या. तरीही मी हसत होतो. चार रात्री ती डोळ्याला डोळा न लावता जागी राहिली, पाचव्या दिवशी वर्गात पोरांसमोर पाऊण तास काहीतरी बोलत राहिली आणि पोरं एकमेकांकडे बघायला लागली, तेव्हा कुठे माझं हसू थांबलं.

पुढचं थोडक्यात सांगतो. सतरा दिवस दवाखाना. वडील कराडहून आले. ते सगळ्यांना "अशक्तपणा" सांगत होते, आणि मावशीचं एकच, गाणगापूरला नेऊन आणा. निदान बायपोलर, म्हणजे मन कधी फार वर, कधी फार खाली. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला ती तीन महिने अंथरुणातून उठत नव्हती, तेव्हा कुणीतरी उदासीची गोळी दिली होती. जानेवारीत पुन्हा मलूल वाटलं म्हणून तिनं जुनी चिठ्ठी दाखवून तीच सुरू केली. हा आजार असेल तर नुसत्या त्या गोळीनं माणूस कधी कधी थेट दुसऱ्या टोकाला जातो, हे मला आत्ता कळतंय. आणि आपण हॉस्टेलवर येता-जाता एकमेकांना "येरवड्याला पाठवा याला" म्हणायचो, आठवतं? ते तिथल्या पॅसेजमध्ये बसून आठवणं फार वाईट.

पॅसेजमध्येच, कारण आत सोडलंच नाही. "पेशंटचे कोण?" मी म्हणालो, "मित्र." त्या बाईंनी "मित्र" असं परत म्हटलं आणि बाकाकडे बोट दाखवलं.

आता ती लिथियमवर आहे. वर्षानुवर्षं मी अकरावीच्या पोरांना शिकवतोय, अणुक्रमांक तीन, मऊ धातू, चाकूनं कापता येतो. त्याचे क्षार मनाला धरून ठेवतात हे जॉन केड नावाच्या ऑस्ट्रेलियन डॉक्टरनं १९४९ साली दाखवलं होतं, आणि मला ते औषधाच्या पाकिटावर वाचून कळलं. रात्री नऊला गोळी, आणि तपासणीच्या दिवशी बरोबर बारा तासांनी, सकाळी नऊला रक्त. मागच्या वेळी रक्तातलं लिथियम ०.७ आलं, म्हणजे छान. वर गेलं तर विष, फार खाली गेलं तर उपयोग नाही. थायरॉईड आणि किडनीचीही अधूनमधून तपासणी. पाणी भरपूर प्यायचं, मीठ एकदम तोडायचं नाही, जुलाब-उलट्या झाल्या तर वाट न बघता डॉक्टरांना फोन. पाळीत पोट दुखलं की आपल्याकडे सर्रास घेतात ती गोळीसुद्धा विचारल्याशिवाय नाही, त्यानं रक्तातलं लिथियम वाढतं. तिची आई निर्जळी उपास करायला लावायची, ते बंद करताना घरात महाभारत झालं.

आणि तिचा हात थरथरतो. थोडासाच. दिवाळीत तिच्या खोलीच्या दारात ती ठिपक्यांची रांगोळी काढत होती. चिमटीतून रेघ सुटायची ती ठिपक्याच्या जरा बाजूनं जायची, बारीक दातेरी, करवतीसारखी. तिनं दोनदा पुसली. तिसऱ्यांदा तशीच पूर्ण केली आणि म्हणाली, "नवीन डिझाइन आहे." मी हसलो. पण हसायच्या आधी मी तिचा चेहरा तपासला. जास्त हसत नाहीये ना? डोळे फार चमकत नाहीत ना? काल किती वाजता झोपली?

माझं हे असं झालंय बघ. ती गप्प बसली की मला वाटतं खाली चाललीये, गाणं म्हणाली की वाटतं वर. भांडणात आवाज चढला की मी विचारतो, "गोळी घेतलीस?" एकदा ती म्हणाली, "तू माझ्याकडे रक्ताच्या रिपोर्टसारखं बघतोस. मला साधा राग येऊ शकत नाही का?" येऊ शकतो ना. तिचा तो राग अगदी रास्त होता, मी पिक्चरची तिकिटं विसरलो होतो.

आता पत्राचं खरं कारण. आठ दिवसांपूर्वी तिनं मला एक कागद दिला. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात तशी सोय आहे. सज्ञान माणूस साध्या कागदावर सही करून सांगू शकतो, मला ठरवता येणार नाही अशी वेळ आली तर माझ्या वतीनं अमुक माणूस बोलेल. नामनिर्देशित प्रतिनिधी. तो नातेवाईकच हवा असं नाही, फक्त त्यानं लेखी होकार द्यायचा. तिनं माझं नाव लिहिलंय. खाली स्वतःचं एक वाक्य जोडलंय, जे कायद्यात नसणार: "मी मोठ्यानं हसले तर आधी मला विचारायचं, डॉक्टरांना नंतर."

कागद फिजिक्सच्या पुस्तकात ठेवलाय. होकार मी आज सकाळपर्यंत लिहिला नव्हता. वडिलांना कळलं तर काय, हा प्रश्न आहेच. पण खरी अडचण सांगू? मी ज्या मुलीच्या प्रेमात पडलो ती पहाटे तीनला स्कूटर घेऊन आलेली. जी आता आहे ती साडेनऊला जांभया देते, हळू बोलते, तिचं वजन वाढलंय आणि त्याचा तिला त्रास होतो. गड चढताना हात ओढणारी कोण होती, ती की आजार? मी हे तिला कधी विचारणार नव्हतो. तिनंच गुरुवारी चहा पिताना विचारलं. बशीत कप किणकिणत होता, तिनं तो दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाली, "तुला कधी वाटतं का, मी तेव्हा 'हो' म्हटलं ते शुद्धीत नव्हते म्हणून?"

मी खोटं बोलू शकलो नाही. म्हणालो, वाटतं.

"मलाही," ती म्हणाली. "मग आज परत विचार."

तिथेच, उडप्याच्या हॉटेलात, शेजारच्या टेबलावर दोन काका पेन्शनबद्दल भांडत असताना मी विचारलं. या वेळी मी विचारलं, हे लक्षात घे. ती बराच वेळ चहाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "सांगते. मला जरा वेळ लागेल." आणि घड्याळ बघून उठली, नऊची गोळी पर्समध्ये नव्हती, खोलीवर होती.

आज रविवार. अजून उत्तर नाही. फोन रोज होतो, पोरांचे पेपर, घरमालकाचं मांजर, सगळं बोलणं होतं, तेवढं सोडून. आणि बंड्या, मला घाई नाहीये. गडावर 'हो' म्हणायला तिला एक क्षणही लागला नव्हता. आता ती विचार करतेय, दुपारी भांडी घासताना, बसमध्ये, आणि मी इथे पेपर तपासतोय. होकाराचा कागद मात्र आज सकाळी लिहिला. ती 'नाही' म्हणाली तरी तो तिच्या फाइलला राहू दे. बाकावर परत बसायचं नाही मला.

सोबत काकूंना हिरवी इरकल पाठवतोय. बावीसपैकी अजून अकरा कॉटखाली आहेत. कुठून आली विचारलं तर पुण्यात सेल लागला होता म्हण. ताईला हवी असेल तर रंग कळव. डाळिंबी आहे, आणि एक काळी चंद्रकळा आहे, पण ती मी कुणाला देणार नाही.

तुझा,
बाळ्या