पाचोळ्याला काडी लावू नका, पोत्यात भरा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी ३६ वर्षं शिवाजी उद्यमनगरात लेथवर काढली. तिथं सकाळ काय आणि दुपार काय, डोक्यावर ट्यूबलाइटच. त्यामुळं गेला रविवार अख्खा उन्हात काढला, याचं मला जे अप्रूप वाटलं ते जन्मजात शेतकऱ्याला वाटायचं नाही.

कसबा बावड्यात आमच्या कॉलनीत एका मित्राचा चार गुंठ्यांचा प्लॉट आहे. तो असतो पुण्याला. पाच वर्षांपूर्वीपर्यंत तिथं काँग्रेस गवत आणि लोकांनी आणून टाकलेला राडारोडा, एवढंच पीक यायचं. त्याला विचारून आम्ही सहा घरांनी जागा साफ केली आणि अर्धा-अर्धा गुंठा वाटून घेतला. उरलेल्या गुंठ्यात पायवाट, पाण्याची टाकी आणि खताचा खड्डा. भाडं म्हणजे मित्र गावाकडं आला की पिशवीभर भाजी. दोरी लावून हद्दी आखल्यात, तरी कुरबुर होतेच. अर्ध्या गुंठ्यालाही भाऊबंदकी लागते, हे मला इथं कळलं.

रविवारी सकाळी सातला गेलो तेव्हा अंगात स्वेटर होता. नऊला तो शेवग्याच्या फांदीला अडकवला, अकराला डोक्याला टॉवेल बांधला. मेथी फुलावर गेली होती, ती उपटली. वांग्यावर तुडतुडे दिसले, निंबोळी अर्क मारला. मग मोकळ्या वाफ्यात रात्री भिजत घातलेलं बी टोकायला बसलो, भेंडी आणि गवार. बी किती खोल टोकायचं, तर शेतकरी बोटाचं पेर दाखवतात. माझ्या हाताला ते पटत नाही. मी सागाच्या काडीवर खुणा करून ठेवल्यात, भेंडीला सहा सूत, गवारीला चार (आठ सुतांचा एक इंच). शेजारच्या वाफ्यातल्या मावशी बघत होत्या. म्हणाल्या, "आण्णा, बी टोकताय का बुशिंग बसवताय?"

त्यात उंबराच्या शेंड्यावर तांबट सुरू झाला. पुक, पुक, पुक, ठेका चुकत नाही, पत्र्यावर कुणी हातोडी मारतंय असं वाटतं. पहिल्या वर्षी मला वाटलं, मागच्या गल्लीत कुणीतरी गॅरेज टाकलं. पक्षी मुठीत मावेल एवढा, अंगानं हिरवा, कपाळावर तांबडा ठिपका. आवाज दिवसभर ऐकू येतो, पण दिसायचा म्हटलं की मान दुखते.

दुपारी मावशींनी भाकरी, खर्डा आणि दही आणलं. जेवून तिथंच पाय पसरून बसलो. ऊन पाठीवर घ्यावंसं वाटायचे हे शेवटचे आठ-पंधरा दिवस, नंतर सावली शोधायची. घरातून दोनदा हाक आली, "उन्हातनं उठणार हाय का न्हाई?"

आता ज्यासाठी पत्र लिहितोय ते. या दिवसांत पिंपळ, बदाम, सगळेच पानं टाकतात. रोज सकाळी कॉलनीत ढीग झाडले जातात आणि त्यांना काडी लावली जाते. आठवड्यापूर्वी असाच एक ढीग आमच्या कुंपणाला लागून पेटला. शेवग्याच्या खालच्या दोन फांद्यांचा फुलोरा करपून गेला. काडी कुणी लावली ते मला माहीत आहे, पण सांगणार नाही. सकाळी चहाला आम्ही एकाच बाकावर असतो.

रस्त्यावर कचरा जाळायचा नाही, हे २०१६ च्या घनकचरा नियमांपासूनच लिहिलेलं आहे. त्याच वर्षी डिसेंबरात राष्ट्रीय हरित लवादानं उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला ५ हजार रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्याला २५ हजार रुपये दंड ठरवला. आमच्या गल्लीत आजवर कुणाला पावती फाटलेली मी पाहिली नाही. फाटावी असंही म्हणत नाही. मला पाला पाहिजे.

कशाला, ते सांगतो. रविवारी वांग्याच्या बुडातला पाचोळा हातानं बाजूला केला. वरचं पान कडक, कुरकुरीत. त्याच्या खालचं भिजवलेल्या चामड्यासारखं मऊ. तिसऱ्या थराला पान असं उरलंच नव्हतं, नुसत्या शिरांची जाळी, आणि तिच्यातून गेलेले बुरशीचे पांढरे धागे. त्याखाली माती गार होती. पाणी देऊन पाच दिवस झाले होते! शेजारच्या उघड्या वाफ्याला त्याच दिवशी पाणी दिलेलं. तिथं खुरपं मारलं तर टणकन वाजलं.

हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. आपल्या कोल्हापुरातच श्री. अ. दाभोळकर यांनी प्रयोग परिवारातून हे लोकांना शिकवलं. पाल्यापाचोळ्यातून माती तयार करा, दहा गुंठ्यांत कुटुंबाचं भागेल, असं ते सांगायचे. माणूस मूळचा गणित शिकवणारा. त्यामुळं माझ्या काडीवरच्या सुतांना ते हसले नसते, अशी माझी समजूत आहे.

होळी तोंडावर आली आहे. शेणी होळीत घालण्यापेक्षा पंचगंगा स्मशानभूमीला देणारी माणसं या गावात आहेत, आणि त्यांना कुणी दंडाची भीती घातलेली नाही. पाचोळ्याचंही तसं जमेल. महापालिकेनं फाल्गुन-चैत्र दोन महिने पाल्याची ट्रॉली वेगळी फिरवावी आणि ज्याला बागेला पाहिजे त्याला त्यातला उचलू द्यावा. ओल्या-सुक्या कचऱ्यात मिसळला की तो कुणाच्याच कामाचा राहत नाही.

तोवर आमच्या प्लॉटच्या फाटकाला आम्ही रिकामी पोती अडकवून ठेवली आहेत. गुटख्याच्या पुड्या आणि प्लास्टिक तेवढं वेचून काढा आणि भरा. बदामाची पानं जाड असतात, कुजायला वेळ घेतात, तरी चालतील. निलगिरीची मात्र नकोत.

आपला,
एक निवृत्त टर्नर,
कसबा बावडा, कोल्हापूर