आधी खोकी रच, मग टेबल घे

मिरज, 14 जून

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला टेबलाचा फोटो बघितला. बाबांना दाखवला तर म्हणाले, "एवढ्याशा रुंदीवर जेवायचं कसं?" त्यांना सांगितलं की हे कन्सोल टेबल, जेवायचं नाही, दारातून आत आलं की हातातलं ठेवायचं. त्यावर म्हणाले, "मग आपण इतकी वर्षं फ्रिजवर ठेवतो ते काय?" असो.

टेबल देखणं आहे, नाही म्हणत नाही. पण फोटोतलं घर बघितलंस का? त्यावर एक फुलदाणी आणि एक पुस्तक. तुझ्याकडे त्यावर काय बसणार ते मी मे महिन्यात आठ दिवस राहून पाहिलंय. दोन हेल्मेटं, किल्ल्या, चार्जर, लाइट बिल, कोथिंबिरीची जुडी आणि कुरियरचं न उघडलेलं एखादं खोकं. तेव्हा आधी हेल्मेट मोज. पुढून मागे ते तेरा-चौदा इंच भरतं, म्हणून तुला सोळा इंची टेबल लागतंय असं वाटतं. हेल्मेटं खाली दोन हुकांना टांगलीस तर उरलेल्या सगळ्याला दहा इंच पुष्कळ झाले.

तुझा पॅसेज मी वितीने मोजला तेव्हा तू हसलास. चार विती आणि सहा बोटं. मग तू टेप लावलीस तर साडेचाळीस इंच आले, आठवतंय ना? त्यातून सोळा गेले. शिवाय भिंतीच्या तळाला स्कर्टिंगची फरशी अर्धा इंच पुढे आहे, तिच्यामुळे टेबल भिंतीला टेकतच नाही. उरले दोन फूट. भरलेला सिलिंडर तीस किलोच्या आसपास असतो. तो खांद्यावर घेऊन येणारा माणूस दोन फुटांतून आडवा होऊन कसा जाईल? दहा इंचाला अडीच फूट उरतात. एवढ्यात माणूस सरळ चालतो.

हे मी कुठून शिकले ते तुला माहीत नाही, तू तेव्हा दीड वर्षाचा होतास. घरी फोन आला म्हणून हौसेने फोनचं स्टँड घेतलं होतं, खाली डिरेक्टरीचा कप्पा असलेलं. दुकानात छोटं दिसलं. घरी आल्यावर सोप्यातून माजघरात जायची वाट अडली. बाबांच्या मांडीला एकाच जागी महिनाभर काळा-निळा डाग होता, पण "ठीक आहे, सवय होईल" म्हणायचे. आणि मग एका रात्री दोन वाजता आजोबांच्या छातीत दुखायला लागलं. शेजारच्यांनी त्यांना खुर्चीत बसवून उचललं आणि ती खुर्ची स्टँडापाशी अडकली. मी एका हाताने फोन उचलून धरला, दुसऱ्या हाताने स्टँड आडवं पाडलं, मग ते बाहेर पडले. आजोबा चौथ्या दिवशी चालत घरी आले. स्टँड मात्र परत आत आलं नाही, परसात कुंड्या ठेवायला गेलं.

म्हणून एक कर. कुरियरची रिकामी खोकी टाकू नकोस. टेबल जिथे हवंय तिथे तेवढ्याच लांबी-रुंदीची खोकी अडीच फूट उंच रच आणि चार दिवस तसाच वावर. नुसता कागद जमिनीवर पसरून कळत नाही. पाय कागदावरून जातात, लागतं ते कंबरेला आणि कोपराला. दार पूर्ण उघडतं का, मीटरच्या बटणांपर्यंत हात जातो का, तेही बघ. सूनबाईलाही पर्स खांद्याला लावून दोनदा ये-जा करायला सांग.

दुसरं, ते टेबल कशाचं आहे विचार. लाकडाच्या भुश्याचा दाबून केलेला बोर्ड असेल तर तुझ्याकडच्या पावसात टिकायचा नाही. दारातच ओली छत्री टेकणार, कडेची पट्टी सुटणार, आणि एकदा पाणी आत शिरलं की बोर्ड पावासारखा फुगतो. तो परत बसत नाही. प्लायवूड असेल तर आयएस 710 चा, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायचा, शिक्का बघून घे.

मला विचारशील तर टेबलच नको, फळी ठोक. कन्सोल म्हणजे मुळात भिंतीतून पुढे आलेला आधार. फ्रान्समध्ये अठराव्या शतकात ही टेबलं भिंतीलाच बसवत, पाय असले तर फक्त पुढे. फळी मारलीस तर खालून केरसुणी फिरते, चपला सरकवता येतात. फक्त भिंत कसली आहे ते बिल्डिंगमधल्या मिस्त्रीला विचार. नव्या इमारतींत हलक्या ठोकळ्यांच्या भिंती असतात, त्यात साधा प्लग-स्क्रू काही दिवसांनी हलायला लागतो; त्यासाठी वेगळे, लांब अँकर मिळतात. आणि बटणांच्या बोर्डाच्या सरळ वर-खाली ड्रिल मारू देऊ नकोस, आत वायरी असतात.

फळी विकत घेऊ नकोस. जुनं घर पाडलं तेव्हा माजघरातल्या फडताळाच्या दोन फळ्या मी काढून घेतल्या होत्या, पलंगाखाली आहेत. सागवानी, तीन फूट दोन इंच लांब, बरोबर दहा इंच रुंद. एकीवर लोणच्याच्या बरणीचा गोल काळा डाग आहे. मिस्त्री म्हणतो, दोन सूत रंधा मारला की जाईल. मी म्हटलं, तो राहू दे, खालच्या बाजूला घे. कड तेवढी गोल करायला सांगितली आहे.

बाबा पुढच्या शनिवारी महालक्ष्मीने कल्याणला उतरतील. फळी बर्थखाली बसते, मी बघितलं. खोकी रचून झाली की गुरुवारपर्यंत लांबी कळव, म्हणजे इथेच कापून देते.

तुझी
आई