मधुमेह ओसरतो, कायमचा जात नाही

वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेने मधुमेह ‘कायमचा बरा होतो’ असे सांगणारा आरोग्य पुरवणीतील लेख वाचला. शस्त्रक्रियेला माझा विरोध नाही. माझ्या थोरल्या बहिणीचे इन्सुलिन या शस्त्रक्रियेमुळेच सुटले. आक्षेप आहे तो ‘कायमचा’ या शब्दाला.

स्वीडनमध्ये अशा रुग्णांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा झाला. शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षांनी ७२ टक्के मधुमेहींचा आजार ओसरलेला होता. दहा वर्षांनी हे प्रमाण ३६ टक्क्यांवर आले. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा हा आकडाही बराच मोठा आहे, हे मान्यच. पण आजार अनेकांकडे परत येतो, हे रुग्णाला आधी सांगायला हवे.

बहिणीला एवढेच सांगितले गेले की आता गोळ्या बंद. जठराचा मोठा भाग काढल्यावर बी-१२, लोह, कॅल्शियम यांची पूरक औषधे आयुष्यभर घ्यायची असतात, हे तिला तीन वर्षांनी कळले, पायांना मुंग्या येऊन तोल जाऊ लागला तेव्हा. त्या मुंग्या जुन्या मधुमेहाच्याच समजून आम्ही दोन महिने घालवले. कमतरता बी-१२ची होती. साखर उत्तम आहे म्हणून तिने डोळ्यांचा पडदा तपासणेही सोडले होते. ती तपासणी साखर नॉर्मल आल्यावरही चालूच ठेवावी लागते.

अशा लेखांत पहिल्या वर्षाच्या यशाशेजारी दहाव्या वर्षाचा आकडा आणि आयुष्यभराच्या तपासण्यांची माहितीही छापावी, ही विनंती.

– एक वाचक, सातारा