मनू, त्या लिदित्सेच्या घराबद्दल

मनू,

काल तू रागाने फोन ठेवलास, म्हणून टाइप करत बसलेय. घर छान आहे गं, फोटो बघितले, अंगण आहे, प्राग वीसेक किलोमीटरवर, सगळं पटलं. फक्त अमेय आठवडाभर म्युनिकला आणि तू ओवीला घेऊन एवढ्याशा गावात एकटी, रात्री-अपरात्री काही झालं तर हाक कोणाला मारशील? एवढंच विचारायचं होतं, आता परत नाही विचारणार.

नाव ऐकल्यावर मला आधी तुझ्या चित्रकलेच्या बाईच आठवल्या. सहावीत होतीस तू, बाईंनी वर्गातली चित्रं लिदित्सेच्या प्रदर्शनाला पाठवली होती. तुझी नानांची म्हैस, तीही निळी! बक्षीस काही आलं नाही पण पोरीचं चित्र युरोपात गेलं म्हणून मी अख्ख्या सोसायटीला सांगत फिरले. ते प्रदर्शन १९६७ पासून तिथल्या मारल्या गेलेल्या मुलांच्या आठवणीत भरतं, हे मात्र मी परवा वाचलं आणि मग पहाटेपर्यंत वाचतच बसले.

मे १९४२ मध्ये प्रागला हायड्रिख या बड्या नाझी अधिकाऱ्यावर हल्ला झाला, जूनमध्ये तो मेला आणि नाझींना सूड हवा होता. लिदित्सेवर संशय कशावरून, तर कारखान्यातल्या एका मुलीला आलेल्या चिठ्ठीवरून! झडतीत काहीही सापडलं नाही. तरी १० जूनला होराकांच्या वाड्यात भिंतीशी उभं करून १७३ पुरुषांना गोळ्या घातल्या, त्यातले कितीतरी जवळच्या क्लादनो शहरातल्या खाणीत नाहीतर पोलाद कारखान्यात कामाला जाणारे. बायका-मुलांना क्लादनोच्या एका शाळेत नेलं आणि तिथे आयांपासून मुलं तोडली. ८२ मुलं पुढे पोलंडमधल्या खेल्म्नोच्या छावणीत, गॅसच्या गाडीत... मला लिहवत नाही. घरं जाळली, चर्च सुरुंग लावून उडवलं, मेलेल्यांच्या कबरीसुद्धा सोडल्या नाहीत.

रात्रीच आले होते गं ते. असो.

युद्ध संपल्यावर छळछावणीतून १४३ बायका परत आल्या, मुलं सापडली फक्त १७. १९४७ पासून जुन्या जागेच्या शेजारीच नवं गाव बांधलं, तुझं घर त्यातलंच असणार. जुनं गाव होतं तिथे आता मोकळं हिरवं खोरं. नवरा गेलेला, मूल गेलेलं, आणि त्या बायका तिथेच येऊन राहिल्या. आणि इंग्लंडमधल्या स्टोक-ऑन-ट्रेंटच्या खाणकामगारांनी, ज्यांनी हे गाव कधी बघितलं नव्हतं, १९४२ मध्येच गाव परत उभं करायला पैसे जमवायला घेतले. हे वाचून मला जरा धीर आला, खरंच.

तिथे त्या ८२ मुलांचे ब्राँझचे पुतळे आहेत, ओवी त्यांच्याबद्दल विचारेल. ४२ मुली आणि ४० मुलगे, मारिए उखितिलोवा या शिल्पकार बाईंनी वीस वर्षं त्यात घातली, सगळी ब्राँझमध्ये उभी राहिली तेव्हा त्या हयात नव्हत्या. ओवीला खोटं सांगू नकोस, पण सगळंही सांगू नकोस, साडेतीन वर्षांची आहे. तिथे पळापळी करू देऊ नकोस. हिवाळ्यात अंधार लवकर पडतो, ऑफिसमधून वेळेत निघ, बर्फात गाडी दामटू नकोस, दार... बघ, लेक्चर झालंच. सॉरी. तू घरमालकिणीशी चेक भाषेत बोलून भाडं ठरवलंस हे बाबा सगळ्यांना सांगतायत, मीसुद्धा.

शेजारच्या घरात कोण राहतं? त्यांचा नंबर मला आणि बाबांना दोघांनाही पाठव, आणि शिफ्ट व्हायच्या आधी एक किल्ली त्यांच्याकडे देऊन ठेव.

आई