व्हर्च्युअल मार्गदर्शकाने मध्येच थांबून विचारावे

महोदय,

नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना प्रात्यक्षिके शिकवण्यासाठी व्हर्च्युअल मार्गदर्शक तयार होत आहेत, याचा नर्सिंगची शिक्षिका म्हणून मला मनापासून आनंद आहे. स्किल लॅबमध्ये मागे उभ्या असलेल्या मुलीला बऱ्याचदा शिक्षिकेची पाठच दिसते. पडद्यावर तीच कृती तिला हवी तितक्या वेळा पाहता येते. पण चित्रण पलंगापलीकडून नको, करणाऱ्याच्या खांद्यावरून हवे. नाहीतर डावे-उजवे मनात उलटवण्यातच तिचे लक्ष जाते.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. मी पाहिलेल्या बहुतेक साधनांत शीर ठसठशीत असते, रुग्ण गप्प असतो आणि सुई पहिल्याच फटक्यात आत जाते. वॉर्डात असे क्वचितच घडते. कॅन्युला, म्हणजे शिरेत बसवायची, आत सुई असलेली बारीक नळी, लावताना सुईमागच्या पारदर्शक चेंबरमध्ये रक्त दिसले, की कोन कमी करून ती किंचित पुढे न्यायची, मग सुई स्थिर धरून फक्त नळी सरकवायची. शिकाऊ हात नेमका इथेच फसतो. रक्त दिसल्याच्या भरात सुई तशीच पुढे जाते, शिरेची मागची भिंत भेदली जाते आणि जागा फुगते. मागे घेतलेली सुई पुन्हा नळीत घालण्याचा मोह तर त्याहून घातक, कारण नळीचे टोक कापले जाऊन रक्तात जाऊ शकते. मार्गदर्शकाने अशा जागी थांबून ‘आता काय कराल?’ असे विचारावे आणि उत्तर चुकले तर परिणाम दाखवावा. रुग्णानेही कळवळून हात मागे घ्यावा. त्याच्याशी बोलणे हाही कौशल्याचाच भाग आहे.

पडद्याने सगळे साधणार नाही, हेही मान्य करू. हृदय बंद पडलेल्या प्रौढ रुग्णाच्या छातीवर ५ ते ६ सेंटिमीटर दाब म्हणजे किती जोर, हे मॅनिकिनवर, म्हणजे सरावाच्या पुतळ्यावर, हात टेकल्याशिवाय कळत नाही.

शिवाय पद्धती बदलतात. नाकातून घातलेली नळी जठरात आहे की नाही, हे हवा सोडून स्टेथोस्कोपने ऐकून ठरवणे आता भरवशाचे मानत नाहीत. नळीतून ओढलेल्या द्रवाचा पीएच (आम्लता) तपासतात किंवा एक्स-रे काढतात. जुनी पद्धत एखाद्या पाठात राहून गेली, तर एकाच वेळी असंख्य विद्यार्थी ती गिरवतील. म्हणून वॉर्डात रोज काम करणाऱ्या सिस्टर-ब्रदरनी प्रत्येक पाठ ठरावीक काळाने तपासावा आणि शेवटच्या तपासणीची तारीख पाठाच्या सुरुवातीलाच छापावी.

— एक नर्सिंग शिक्षिका